चारशे दहा मीटरचा हरित प्रवास

श्रीपतीच्या सायकलचं डावं पायडल उजव्यापेक्षा चार मिलिमीटर जास्त झिजलेलं होतं. हा आकडा अंदाजाचा नाही. कंपनीत व्हॉल्व्हची जाडी ज्या व्हर्निअरने मोजतात, त्यानेच श्रीपतीने एकदा जेवणाच्या सुट्टीत हे मोजमाप घेतलं होतं. कारणही त्याला ठाऊक होतं. टाकवे बुद्रुकमधल्या त्याच्या घरापासून कंपनीच्या पुढच्या गेटापर्यंत रस्त्याने चार किलोमीटर तीनशे मीटर भरत, आणि त्यातला शेवटचा चढ तो डाव्या पायावर भार देऊन चढे. उजव्या गुडघ्याने तीन वर्षांपासून चढाला मंजुरी देणं बंद केलं होतं.

कंपनीला मागचंही एक गेट होतं. ते श्रीपतीच्या गोठ्यापासून चारशे दहा मीटरवर होतं; अंगणात उभं राहिलं की त्याचा गंजका रंग दिसे. अकरा वर्षांपूर्वी बाहेरचे तपासनीस आले असताना त्या गेटातून एक म्हैस आत आली आणि ऑफिससमोरच्या हिरवळीवर, 'गुणवत्ता हाच आमचा श्वास' या फलकाला पाठ घासत उभी राहिली. त्याच संध्याकाळी गेटाला कुलूप लागलं आणि वर कागद चिकटला: 'पुढील निर्णय होईपर्यंत बंद.' म्हैस कुणाची हे टाकव्यात प्रत्येकाला माहीत होतं आणि कंपनीत कुणालाच नव्हतं. गेट उघडावं म्हणून श्रीपती दरवर्षी एक अर्ज देई, पण आवाज कधी चढवत नसे, त्याचं कारण एवढंच.

यंदा मात्र कामशेतच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "सपाटीवर चाला हवं तितकं. चढावर सायकल बंद." म्हणजे आता दोनच वाटा उरल्या. गेट उघडलं तर पायी. नाही उघडलं तर मोटारसायकल. आणि मोटारसायकल श्रीपतीला नको होती. सायकलने बावीस वर्षांत त्याला एकदाही उशीर होऊ दिला नव्हता. अशा जनावराला म्हातारपणी दावणीवरून सोडणं त्याच्या मनाला पटत नव्हतं.

नेमक्या त्याच आठवड्यात परिपत्रक आलं. कंपनीत 'हरित प्रवास प्रोत्साहन समिती' स्थापन झाली होती. कर्मचाऱ्यांनी कामावर येताना पर्यावरणपूरक मार्ग वापरावेत, यासाठी त्यांच्याकडून सूचना मागवल्या होत्या. श्रीपतीने कागद तीनदा वाचला. घरापासून मागच्या गेटापर्यंत चारशे दहा मीटर, पायी, धूर नाही की आवाज नाही. याहून हिरवी वाट त्याला सुचेना. त्याने बारावा अर्ज लिहिला आणि या वेळी त्यावर टाकव्यातून सायकलने नाहीतर पायी येणाऱ्या, स्वतःसकट सतरा जणांच्या सह्या घेतल्या.

समितीच्या अध्यक्ष होत्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम. त्या खंडाळ्याच्या बंगल्यातून येत. सचिव होता धवल. वय एकोणतीस, राहणार तळेगाव, मनाने सरळ आणि आकडेमोडीत पक्का. त्याने आधी प्रत्येकाची माहिती भरून घ्यायला सुरुवात केली.

"श्रीपतीभाऊ, तुमचं वाहन?"

"सायकल."

"इंधन?"

"सायकल हाय, साहेब."

"हो, पण हा रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इतर."

"मग इतर लिवा."

"लिटरला किती किलोमीटर जाते?"

श्रीपतीने प्रामाणिकपणे विचार केला. "कशाच्या लिटरला?"

"कशाच्याही. आकडा लागतो."

"सकाळी कपभर च्या घेतो. त्याच्यावर हितं पोचतो."

धवलने कपात किती मिलिलिटर मावतात ते विचारलं, भागाकार केला आणि संगणकाने श्रीपतीच्या सायकलची चहावर चालणारं वाहन अशी नोंद घेतली. लिटरला एकोणतीस किलोमीटर. आकडा मॅडमच्या गाडीहून बरा, पण कंपनीतल्या मोटारसायकलींच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे श्रीपतीच्या नावापुढे शेरा पडला: 'कार्यक्षमता सुधारण्यास वाव.'

महिनाअखेरीस हरित गुणांची यादी फलकावर लागली. ज्याने आधीच्या महिन्यापेक्षा जितका धूर कमी केला, तितके त्याला गुण. पहिला क्रमांक राजेश्वरी मॅडम आणि धवल यांना विभागून मिळाला, कारण पूर्वी ते दोन गाड्यांतून येत आणि आता एकाच गाडीतून गेटात शिरत. त्यासाठी धवल रोज सकाळी तळेगावाहून निघून, कंपनीचा फाटा ओलांडून, आपल्या गाडीने खंडाळ्याला जाई, ती मॅडमच्या अंगणात लावी आणि त्यांच्या शेजारी बसून परत येई. संध्याकाळी हाच प्रवास उलटा होई. अर्जात फक्त गेटात शिरताना गाडीत किती जण होते एवढंच विचारलेलं असल्याने यात खोटं असं काहीच नव्हतं.

शेवटचा क्रमांक श्रीपती आणि इतर सोळा जणांना मिळाला. त्यांचे गुण शून्य होते. शून्य लाल शाईत होतं.

"समीक्षाला सांगू नगा," घरी त्याची बायको नंदाबाई म्हणाली. "पोरगी कालेजात पर्यावरनाचा प्रकल्प करतीया. बापाचं नाव लाल शाईत बघितलं तर काय वाटंल तिला?"

"म्या काय केलंय पन?"

"त्येच तर. कायच केलं न्हाई. मॅडमनी केलं."

गेटाच्या अर्जावर समितीत चर्चा झाली तेव्हा श्रीपतीला बोलावणं आलं. मॅडम मनापासून म्हणाल्या, "प्रस्ताव फार सुंदर आहे. मला तर पायी चालणं इतकं आवडतं!" मग त्यांनी कागद धवलकडे सरकवला.

धवलचा चेहरा पडला होता. "अडचण बचतीची आहे, श्रीपतीभाऊ. गेट उघडलं तर धूर किती कमी होईल, हा रकाना आहे. तुम्ही सतरा जण. तुमचा आजचा धूर शून्य. गेट उघडल्यावरचा धूरही शून्य. शून्यातून शून्य गेलं की बचत शून्य. आणि शून्य बचतीचा प्रस्ताव मालकांपुढे ठेवता येत नाही."

"पन गुडगा?"

"गुडघा आरोग्य समितीकडे. ती अजून स्थापन व्हायची आहे."

श्रीपती खालमानेने उभा राहिला. मग नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "म्हंजे आदी धूर कराया पायजे व्हता व्हय?"

धवलने मान वर केली. चुकीच्या गणितात एकदम बरोबर पायरी सापडली की हुशार विद्यार्थ्याच्या डोळ्यांत जी चमक येते, ती त्याच्या डोळ्यांत आली.

"मॅडम," तो म्हणाला, "यांचं आधारवर्ष अजून ठरलेलंच नाही."

ठरलं ते असं. सतरा जणांनी सहा महिने मोटारसायकलने यावं. त्यातून निघालेला धूर हा त्यांचा पाया मानला जाईल. मग गेट उघडल्यावर त्या धुरात जी घट होईल, ती बचत. प्रस्ताव आपोआप पात्र. या काळाला 'पूर्वतयारी उत्सर्जन टप्पा' असं नाव मिळालं.

"सहा म्हयनेच ना?" श्रीपतीने विचारलं.

"फक्त सहा. नंतर तुम्ही मोकळे. आयुष्यभर पायी."

नंदाबाईचा भाऊ कैलास इंदुरीला राहत होता. त्याच्याकडे एक मोटारसायकल पडून होती. ती सहा महिन्यांच्या बोलीवर आली. बाकीच्यांनीही कुणी मेव्हण्याची, कुणी चुलत्याची, कुणी भाच्याची अशी गाडी मिळवली. पहिल्या सोमवारी सतरा गाड्या ओळीने पुढच्या गेटात शिरल्या, तेव्हा पहारेकरी मारुती शिट्टी वाजवायलाच विसरला.

"श्रीपतीभाऊ, वरात कुनाची?"

"पर्यावरनाची."

"मग नवरदेव काळा का पडलाय?" मारुतीने मागच्या धुराकडे बोट दाखवलं.

एरवी सायकल स्टँडवर जागा मिळत नसे. आता स्टँड रिकामा पडला. रिकामी जागा पाहून समितीने तिथे विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय केली. विजेची गाडी कंपनीत एकाकडेही नव्हती. पहारेकरी तिथे आपले मोबाइल लावू लागले.

पहिला महिना श्रीपतीने गाडी शिक्षा भोगावी तशी चालवली. दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की सकाळी वीस मिनिटं जास्त झोपता येतं. तिसऱ्या महिन्यात नंदाबाई मागे बसून कामशेतच्या बाजारात गेली आणि येताना तिने वाटेत शेजारणीला हात केला. चौथ्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला श्रीपती निघाला, तो गाडी काढून. अंगणातून दुकान दिसतं. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली आणि तिच्या हँडलवर दुधीचा वेल चढला. तो तोडायचा, असं श्रीपती रोज ठरवत असे.

गुडघा बरा होता. पोट थोडं पुढे आलं होतं, पण पोटाचा रकाना अर्जात नव्हता.

सहा महिन्यांनी धवलने आलेख मांडला. योजना सुरू झाल्यापासून कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा धूर स्पष्टपणे वाढला होता. तो आलेख दाखवताना धवलचा आवाज भरून आला. "आता आपल्याकडे खरोखरची समस्या आहे," तो म्हणाला. "आता उपाय करता येईल."

फाइल मालकांकडे, म्हणजे गोपाळकृष्ण साहेबांकडे गेली. अकरा वर्षं 'विचाराधीन' असलेल्या कागदावर विचार करायला त्यांना आणखी दोन महिने लागले. तेवढा काळ पूर्वतयारी पुढे चालू ठेवावी, असं समितीने कळवलं. मग एका सोमवारी छोटासा समारंभ झाला, मागच्या गेटाला झेंडूचं तोरण लागलं आणि अकरा वर्षांचं कुलूप तेल घालूनही न उघडल्याने कापावं लागलं. साहेबांनी भाषणात म्हशीचा उल्लेख 'एक दुर्दैवी घुसखोरी' असा केला. श्रीपती त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला धवल वही घेऊन मागच्या गेटापाशी उभा राहिला. आठ वाजून चार मिनिटांनी सतरा मोटारसायकली एकामागोमाग आत आल्या.

"अहो, पण चालत..." धवल म्हणाला.

"उद्यापासनं," श्रीपती म्हणाला. "आज जरा ऊन हाय."

धवलने दोन क्षण विचार केला आणि मग भागाकार केला. चार किलोमीटर तीनशे मीटरऐवजी चारशे दहा मीटर. घट साडेनव्वद टक्के. कंपनीच्या इतिहासात एवढी बचत कुणीच केली नव्हती. योजनेआधी या माणसांचा धूर किती होता, हा आकडा अहवालात आला नाही, कारण तो आधारवर्षाच्या आधीचा होता. शनिवारी सतरा जणांचा सत्कार झाला. सर्वांत जुना अर्जदार म्हणून श्रीपतीला पहिलं बक्षीस मिळालं: एकवीस गिअरची नवी कोरी सायकल. ती घरी नेताना मारुती मोटारसायकलवर मागे बसला आणि सायकल त्याने आडवी धरली.

रविवारी सकाळी कैलासचा फोन आला. सहा महिने उलटून गेल्यापासून दर रविवारी असा फोन येत होता, आणि दर रविवारी श्रीपती "बगू, सांगतो" म्हणून तो नंदाबाईकडे परत देत होता.

आज नंदाबाईने फोन हाताने झाकला. "कैलास इचारतोय, गाडी न्यायला येऊ का. सहा म्हयने म्हनला व्हता, आठ झालं."

"बगू. सांगतो त्याला."

"अवं, आता काय बगायचं ऱ्हायलंय? तवा म्हनायचा, गेट उघडू द्या. गेट उघडलं. गुडगा बरा हाय. दारात दोन-दोन सायकली हायत. व्हय का न्हाई, एकदा तोंडानं बोला."

श्रीपती अंगणात येऊन उभा राहिला. समोर मोकळा माळ आणि माळाच्या टोकाला सताड उघडं गेट. मध्ये चारशे दहा मीटरची सपाट पायवाट. आठवडाभरात तिच्यावर चाकांच्या खुणा पडल्या होत्या. नवी सायकल अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. जुन्या सायकलच्या डाव्या पायडलवर, बरोबर झिजलेल्या जागी, कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळं सुरेख होतं. मोडायला जीव होईना.

इथे कुणा वाचकाला श्रीपतीचं हसू आलं असेल, तर त्याने हसण्याआधी एक छोटं मोजमाप घ्यावं: आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचं अंतर किती, आणि परवा दूध आणायला आपण तिथे कसे गेलो होतो. आकडा कुणाला सांगायची गरज नाही. रकाना रिकामा सोडला तरी चालेल.

"बोलताय ना?" नंदाबाईने फोनवरचा हात काढला.

श्रीपतीने घसा खाकरला. अकरा वर्षांत आवाज चढवला नव्हता, तो आज इंदुरीपर्यंत स्वच्छ ऐकू जाईल इतका चढवला.

"कैलासला म्हनावं, गाडी ऱ्हाऊ दे."