बुजलेलं जनावर

माणूस असो की प्राणी, आठ दिवसांत त्याला आपलंसं करायची कला माझ्याकडे उपजतच आहे! म्हणून तर माझा मित्र हारून दुबईला परत जाताना त्याचा पाळीव अजगर माझ्याकडे सोपवून गेला. बिचकू नका! परदेशी जातीचा, बिनविषारी, कागदपत्रांसकट, आणि लांबी जेमतेम हातभर. नाव सुलतान.

"नीलेश, घाबरला की तो चेंडूसारखा गोळा होतो," हारूनने सांगितलं होतं. आमच्या महाडच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून तो चेंडूच होता.

बायकोने, पूनमने, दोन अटी घातल्या. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. तिच्या माहेरी, कुडपणला, 'साप' हा शब्द उंबऱ्याच्या आत कुणी काढत नाही. दुसरी अट, रविवारपर्यंत जनावर माणसाळलं नाही तर ते हारूनच्या भावाकडे जाणार!

मला तर त्याचा लळा लागला होता हो! मी शीळ घातली, गाणी म्हटली. तो आणखी घट्ट झाला. चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. शेवटी पूनमलाच दया आली आणि तिने स्पीकरवर आईला फोन लावला.

"आये, ह्यांनी नवीन जनावर आणलंय. लय बुजलंय गो. खात नाय, हात लावू देत नाय."

"किती वर्साचं?"

"दीड."

"मग घाई नको. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. जावईबापूंचा घामट सदरा जवळ टाका, वास वळखू दे. हात समोरनं नाय, कडंनं न्यायचा. मारकं हाय काय?"

"नाय गो, डोकंच वर काढत नाय."

"येते मी शनवारी!"

मी थक्क! इंटरनेटवरही अगदी हेच लिहिलं होतं. लगेच सदरा टाकला. सुलतानने पहिल्यांदाच डोकं बाहेर काढलं, वास घेतला आणि घाईघाईने परत आत घातलं.

शनिवारी सकाळी सासूबाई एसटीने आल्या. डोक्यावर हिरव्या गवताचा भारा, काखेत पेंडीची पिशवी, हातात नवंकोरं दावं! धापा टाकत म्हणाल्या, "जावईबापू, तिसऱ्या मजल्यावर गोठा कसा काय बांधलात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरालाही जनावरच म्हणतात! मी पूनमकडे पाहिलं, तर ती चहा टाकायला पळालेली.

"आई, ते... जरा लांबडं जनावर आहे."

"जाफराबादी म्हस काय?"

मी कोपऱ्यातली सुलतानची पेटी उघडून दाखवली.

"अगो बाय माझे! हे ते जनावर!" भारा खाली आणि सासूबाई सोफ्यावर! संपलं, मला वाटलं. आता रविवारचीही वाट बघायला नको. माझे डोळे भरून आले.

त्या गडबडीने सुलतान पुन्हा गोळा झाला, डोकं पार पोटाखाली खुपसून. सासूबाईंनी सोफ्यावरूनच वाकून पाहिलं. मग एक पाय खाली टेकवला. मग दुसरा.

"माझ्यापरीस हेच जास्त भ्यालंय रे! तुम्ही सरका तिकडं. गाणी बंद!"

त्यांनी पेटीत मूठभर गवत पसरलं आणि शेजारी गप्प बसून राहिल्या. तासाभराने गवतातून डोकं निघालं. संध्याकाळी त्यांनी कडेने बोट लावलं. रविवारी दुपारी सुलतानने उंदीर गिळला आणि पूनमने अट मागे घेतली. जिंकलो!

"पण जनावर पुरतं माणसाळेस्तोवर मी हलत नाय," सासूबाईंनी जाहीर केलं.

त्याला आता दीड महिना झाला. काल संध्याकाळी त्या मालिका बघत होत्या आणि सुलतान त्यांच्या मांडीवर ऐसपैस पसरला होता.

"आई, माणसाळला की हो!" मी हळूच म्हटलं. "तिकडे तुमच्या म्हशी वाट बघत असतील." आणि प्रेमाने हात पुढे केला. कडेनेच!

सुलतान सुळकन त्यांच्या पदराआड गेला.

"बघा," टीव्हीवरची नजर न हलवता सासूबाई म्हणाल्या, "परक्या माणसाला अजून बुजतंय!"