एकवीस आऱ्यांचा झेंडा

सव्वीस जानेवारीला सकाळी पावणेआठ वाजता मथुराबाई तांब्यांनी सोसायटीच्या नव्या झेंड्याची घडी उलगडली, अशोकचक्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा चढणार नाही."

सचिव सुजय सुर्वे खांबाची दोरी सोडवत होता. "का, बाई?"

"एकवीस आरे आहेत. दोनदा मोजले."

"अहो, एवढ्या खालून कोण मोजतंय?"

हे त्याने बोलायला नको होतं. बाईंनी रत्नागिरीतल्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला होता, त्यातली तीन वर्षं सुजयलाच.

"चोवीस तासांचे चोवीस आरे. सारनाथच्या स्तंभावरचं धम्मचक्र आहे ते, तुझ्या स्कूटरचं चाक नव्हे."

"आधी तर तिथे चरखा होता ना? मग थोडा फरक चालतो की."

"चरखा सत्तेचाळीसच्या जुलैत संविधान सभेनं बदलला. ठराव करून. दुकानदाराच्या आळसानं नाही."

एवढं बोलून बाई खांबाच्या चौथऱ्यावर बसल्या. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. पाहुणे म्हणून बोलावलेले बंदर खात्यातले निवृत्त साहेब घड्याळ बघू लागले. सुजयने दात-ओठ खात स्कूटर काढली.

बाजारात सगळीकडे तोच माल होता. एका दुकानात तर एकोणीसच आरे निघाले. शेवटी तो बाईंच्या जुन्या शाळेत गेला. क्लार्क रसिकाने कपाटातला जादा झेंडा काढला आणि नोंदवहीत त्याची सही घेतली.

तो परतला तेव्हा सव्वानऊ झाले होते. लाडू संपले होते, साहेबही गेले होते.

"घ्या. तुमच्याच शाळेतला आहे."

बाईंचा चेहरा जरा निवळला. त्यांनी आरे मोजले. परत मोजले.

"तेवीस. कुठल्या गाढवानं घेतला हा?"

सुजय सकाळपासून प्रथमच शांतपणे बोलला. "नोंदवहीत लिहिलंय, 'तपासून घेतला, बरोबर आहे.' खाली सही मथुरा तांबे."

कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. बाईंनी झेंड्याची नीट घडी घातली आणि उठल्या. "राष्ट्रगीताला झेंडा लागत नाही. सावधान."

रिकाम्या खांबाखाली सगळे गायले. बाईंचा आवाज इतका संतापलेला होता की एकही जण मागे पडला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच बाईंनी रसिकाच्या टेबलावर अर्ज ठेवला. विषय होता, राष्ट्रध्वजाच्या खरेदीत केलेला अक्षम्य हलगर्जीपणा.

"कोणाविरुद्ध, बाई?"

"वाच."

रसिकाने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "पण तुम्ही तर रिटायर झालात. कारवाई कशी करायची?"

"ते शाळेनं बघावं. तू पोच दे."

रसिकाने शिक्का मारून पोच दिली. बाईंनी ती अक्षर न् अक्षर तपासली आणि मगच पिशवीत टाकली.