लाल आकड्यांची गाडी

डोइनाच्या नव्या गाडीचा आपल्याला आनंदच झाला आहे, असं स्मारांदाने नवऱ्याला सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगताना तिने कोबीवर सुरी अशी काही चालवली की एमिल आपला कॉफीचा कप उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पार्किंगवर उघडायची, हीच त्या घराची खोड. भांडी घासताना गाडी दिसे, लेकीला, इलिंकाला भरवताना गाडी दिसे. ती लालभडक गाडी समोरच्या दारातल्या डोइनाची. तिच्या शेजारी अंग चोरून उभी असलेली एकोणीस वर्षांची राखाडी गाडी यांची. तिचं स्मारांदाच्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडायचं. त्यामुळे एमिलला दर वेळी उतरून, वळसा घालून बायकोसाठी दार उघडावं लागे, आणि फोक्शानी गावातल्या निम्म्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत.

"तिचा नवरा तुझ्याच बेकरीत आहे ना? पगार तुझ्याएवढाच ना? मग त्यांना परवडतं कसं?"

"हप्त्यांवर," एमिल म्हणाला.

"हप्ते काय फक्त त्यांनाच मिळतात?"

"आपल्यालाही मिळतील. पण आधी डाउन पेमेंट लागतं. आपल्याकडे आहेत ते पैसे बाल्कनीचे."

बाल्कनी मागच्या बाजूची होती, अक्रोडाच्या झाडाकडची. तिला दुहेरी काचा लावायच्या, आत हीटर बसवायचा आणि इलिंकाची खोली करायची, यासाठी दोघं दोन वर्षं पैसे साठवत होती. दहा महिन्यांची इलिंका सध्या आईबाबांच्या खोलीत, कपाटाच्या मागे झोपायची. रात्री एमिल शिंकला की ती उठायची आणि ती उठली की सगळा मजला उठायचा.

तरीही दोघं बँकेत गेली. तिथल्या बाईंनी स्मारांदाचा बाळंतपणाचा भत्ता आधी धरला, मग बाळ दोन वर्षांचं झालं की तो थांबणार म्हणून वजा केला, आणि हप्ता बसेल पण ओढूनताणून बसेल, पाच वर्षं, असं सांगितलं. घरी येऊन एमिलने पावाच्या पिशवीवर हिशोब मांडला. मांस फक्त रविवारी. उन्हाळ्यात समुद्रावर जाणं बंद.

"समुद्रावर आपण गेल्या वर्षीही गेलो नव्हतो," स्मारांदा म्हणाली. "म्हणजे तेवढी बचत आधीच झाली की."

या बिनतोड हिशोबापुढे एमिलचं काही चाललं नाही. शोरूमवाला शनिवार-रविवारसाठी गाडी चालवून बघायला देत होता. शुक्रवारी संध्याकाळी निळी गाडी घेऊन दोघं आली आणि स्मारांदाने ती बरोबर डोइनाच्या खिडकीखाली लावायला लावली. नंबरच्या पाटीवर आकडे लाल होते. शोरूमच्या गाडीला लाल आकडे असतात, तसे कुणी नवी विकत घेतली तरी पहिले काही दिवस लालच असतात. ही गाडी आपली आहे, असं स्मारांदा कुणालाही म्हणाली नाही. आपली नाही, असंही म्हणाली नाही.

डोइना सपाता घालून खाली आली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग मागचं दार उघडून सीटखाली बराच वेळ वाकून पाहिलं. सरळ झाली तेव्हा तिने काहीतरी पटकन खिशात टाकल्यासारखं वाटलं. पण स्मारांदाचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. तो चेहरा विचित्र झाला होता. जळली, असं स्मारांदाला वाटलं, आणि त्या रात्री तिला महिन्याभरात लागली नव्हती इतकी छान झोप लागली.

रविवारी चर्च सुटल्यावर डोइना परत आली ती फादर युस्तिन यांना घेऊनच. हातात तुळशीची जुडी, तीर्थाचं भांडं.

"म्हटलं, तू बाळात गुंतलेली. तुला कुठे सुचणार?" डोइना गोड हसली. "मीच फादरना सांगितलं."

स्मारांदाने एमिलकडे पाहिलं. एमिलने आकाशाकडे पाहिलं. आता सांगायचं तर बिल्डिंगमधली बारा माणसं टोप्या काढून उभी होती. फादरनी प्रार्थना म्हटली, चारी चाकांवर पाणी शिंपडलं, बॉनेटवर तेलाचा क्रूस काढला आणि काचेखाली संताची छोटी तसबीर अशी चिकटवली की गाडी मोडीत निघाली तरी ती निघणार नाही.

"चला, आता ओली करा," पहिल्या मजल्यावरचे निवृत्त सार्जंट काका म्हणाले.

नवी वस्तू ओली करायची म्हणजे सगळ्यांना पाजायचं आणि खिलवायचं, हे काय सांगायला हवं? पार्किंगमध्ये शेगडी पेटली. खिम्याचे मिच निखाऱ्यावर चरचरू लागले, वाइन आली, मोहरीची चटणी आली. काकांनी एकट्याने चौदा मिच खाल्ले आणि दर दोन मिचमागे गाडीला दीर्घायुष्य चिंतलं. बाल्कनीच्या पैशातली एक काच संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या पोटात गेली.

सोमवारी सकाळी एमिल कर्जाचे कागद घेऊन बसला. आता तीर्थ पडलेली गाडी परत कशी करायची? लोक काय म्हणतील? स्मारांदाने पेन उचललं. साठ हप्ते. शेवटच्या हप्त्याची तारीख वाचता वाचता तिच्या मनात आलं, की तेव्हा इलिंका जवळजवळ सहा वर्षांची असेल, शाळेत जायच्या बेताला आलेली. कपाटामागे तिचे पाय मावतील का?

तिने पेन खाली ठेवलं आणि बाळाचे ओले रुमाल घेऊन खाली गाडी पुसायला गेली. तेलाचा क्रूस निघाला. तसबीर निघाली नाही.

गाडी परत केली तेव्हा शोरूमवाल्याला त्या तसबिरीचं काहीच वाटलं नाही. त्याने टेबलावरचा पातळ चाकू घेतला, सराईतपणे तसबीर सोडवली आणि खण उघडून आत टाकली. खणात तशाच आठ-नऊ तसबिरी होत्या.

ऑक्टोबरमध्ये बाल्कनीला काचा लागल्या. एका तावदानाच्या जागी फळी ठोकली होती. इलिंका पहिल्या दुपारी तिथे सलग तीन तास झोपली. ती झोपलेली असतानाच दारावर टकटक झाली. डोइना होती. तिने खिशातून एक चिमुकला पिवळा मोजा काढला.

"माझ्या तुदोरचा. तुमच्या निळ्या गाडीत सापडला."

स्मारांदाला कळायला जरा वेळ लागला.

"तुम्हीसुद्धा तीच गाडी आणली होती? बघायला?"

"ऑगस्टमध्ये. एक दिवस माझ्या माहेरच्या अंगणात होती. आईने तिथल्या फादरना बोलावलं. सगळ्या गावाला मिच चारले." डोइनाने मोज्याची घडी केली. "मग गाडी घेत नाही म्हणायला तोंड झालं नाही. निळी शोरूमची, ती परत दिली आणि नवी लाल घेतली. पाच वर्षं."

"आणि मग माझ्याकडे फादरना घेऊन आलीस?"

"एकटीनेच का अडकायचं, म्हटलं," डोइना खाली बघत म्हणाली. "तू परत करशील असं वाटलं नव्हतं गं. दोन रात्री मला झोप नाही आली."

खरं तर स्मारांदाला राग यायला हवा होता. तिने कॉफी ठेवली. डोइना कप घेऊन बाल्कनीत गेली, बाळ उठू नये म्हणून चवड्यांवर, आणि फळीशेजारच्या स्टुलावर बसली. दुहेरी काचेवरून तिने बोट फिरवलं, बराच वेळ अक्रोडाकडे पाहत राहिली.

"थोडा वेळ बसू का इथे?" ती कुजबुजली. "इथून ती गाडी दिसत नाही."