दहाने भागायचं राहिलं

रविवारी सकाळी सरांनी स्वतःच्या गालाची पेशी मोजली आणि ती नेहमीच्या दहापट भरली.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक भेट दिला होता. घरात त्याच्याखेरीज डोळ्याला डोळा भिडवणारं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन बराच काळ लोटला होता आणि मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. तिचा फोन रविवारी यायचा. "बरे आहात?" "बरा आहे." "जेवलात?" "जेवलो." एवढ्यावर दोघांचंही बोलणं संपायचं. गेल्या दोन रविवारी तेवढंही झालं नव्हतं.

मोजायचं काम तसं सोपं. आधी लहान भिंग लावून खाली पारदर्शक पट्टी ठेवायची आणि दिसणारा गोल किती मिलिमीटर रुंद आहे ते बघायचं. तो चार पूर्णांक दोन निघाला. मग गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडायचं, ते काचेवर पुसायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा, मोठं भिंग लावायचं आणि गोलात एका ओळीत किती पेशी मावतील याचा अंदाज घ्यायचा. सात. चार पूर्णांक दोन भागिले सात, म्हणजे शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर. साखरेच्या कणाएवढी एकेक पेशी.

विचारात पडले की सर खालचा ओठ चिमटीत धरत. आताही धरला. बोटं निळ्या रंगाने माखलेली आहेत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा सातच. शेवटी ते जिना उतरून खालच्या टेलरताईंकडे गेले.

"ताई, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण माझ्या पेशी दहापट झाल्यात."

ताईंनी शिलाई मशीन थांबवून वर पाहिलं. "पेशींचं राहू द्या. सर, तुमचे ओठ निळे पडलेत."

गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशात सरांनी पाहिलं. "म्हणजे लक्षणंही सुरू झाली," असं म्हणून ते इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसले.

ताईंनी हात धरून नाडी पाहिली. "धावतेय नुसती."

"जिना उतरून आलोय, म्हणून असेल."

"आता लपवू नका," ताई म्हणाल्या आणि त्यांनी थेट सरांच्या मुलीला फोन लावला. "ओठ निळे, नाडी पळतेय, आणि पेशी दहापट झाल्यात."

"पेशी? कुणी सांगितलं?"

"त्यांनी स्वतः मोजल्यात."

दुसऱ्या कुणी मोजल्या असत्या तर तिने चार प्रश्न विचारले असते. पण बाबांनी मोजलंय म्हटल्यावर विषयच संपला. "निघतेच मी," ती म्हणाली.

तोवर बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. सरांना धरून वर नेलं, पलंगावर झोपवलं, अंगावर दोन पांघरुणं घातली. ज्यांची नावंही सरांना ठाऊक नव्हती ते शेजारी त्यांचे पाय चेपू लागले. एकाने बंद पडलेला दिवा बदलला. सरांना लाजल्यासारखं होत होतं, पण पाय मागे घ्यावेसे काही वाटेनात.

संध्याकाळी डॉक्टर आले. पाठोपाठ धापा टाकत मुलगी. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा सरांच्या ओठावरून फिरवला. बोळा निळा झाला, ओठ पूर्वीसारखा.

"ओठ बरा झाला," डॉक्टर म्हणाले. "आता त्या पेशी दाखवा."

सर उत्साहाने उठले. इतक्या दिवसांनी समोर वर्ग भरला होता. "हे बघा, लहान भिंगाने गोल चार पूर्णांक दोन मिलिमीटर. मोठं भिंग दहापट मोठं दाखवतं. पण जेवढं मोठं दाखवावं तेवढी कमी जागा दिसते. म्हणजे गोल दहापट लहान होतो. म्हणून…"

सर थांबले.

"म्हणून काय?" ताईंनी विचारलं.

सरांनी मुलीकडे पाहिलं. तिने अजून खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. आता बोललं की ती बॅग तशीच माघारी जाणार. पण चुकलेलं गणित वर्गापुढे तसंच ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"म्हणून दहाने भागायचं," ते हळूच म्हणाले. "ते राहिलं. पेशी आहे तेवढीच आहे."

"आणि मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली," ताई म्हणाल्या. पण जाताना त्यांनी सरांचं पांघरूण नीट केलं. एकेक करून सगळे गेले. नव्या दिव्याच्या उजेडात खोली पूर्वीपेक्षा मोठी दिसू लागली.

मुलगी रात्रभर राहिली. सकाळी दारात चप्पल घालताना म्हणाली, "बाबा, एकाच मापावर भरवसा ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? किमान पाच वेळा मोजायचं?"

"हो. आणि मग सरासरी काढायची."

"मग रोज एकदा मोजा. मी संध्याकाळी फोन करून आकडा विचारीन. सरासरी मी काढते."

सरांनी ओठ चिमटीत धरला. "पाच कमी पडतील गं. माणूस एकदा चुकलाय म्हटल्यावर पन्नास तरी हवेत."

"बाबा, हे तर तुम्ही दहाने गुणलंत."

"हो," सर म्हणाले. "या वेळी मुद्दाम."