यशदीपच्या खांद्याला हात लावू नये

नागपूरहून आलेल्या निरंजनमामांनी चहा संपवला, भाच्याकडे बघून "पोट्टा उंच झाला" असं म्हटलं आणि कौतुकानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. पुढच्या क्षणी यशदीप जमिनीवर होता. तो काही धडपडला नाही. हनुवटी छातीला टेकवून, पाठ गोल करून, दोन्ही तळहात फरशीवर फाडकन आपटून तो अगदी रीतसर पडला. मामा आपल्या हाताकडे बघत राहिले. जन्मभर सरकारी फायली उचललेल्या त्या हातात एवढी ताकद असेल, अशी त्यांना शंकासुद्धा नव्हती.

"काहून पडला रे?" यशदीपच्या आईनं, ज्योतीनं विचारलं.

"ऐसे ही," यशदीप उठत म्हणाला. घरात सगळे त्याच्याशी मराठीत बोलत आणि तो सगळ्यांना हिंदीत उत्तर देई. तात्यापारा या त्यांच्या हिंदी मुलखातल्या मोहल्ल्यात त्याच्या वयाच्या मराठी पोरांची हीच तऱ्हा होती.

"ऐसेही कोणी पडते काय?"

ज्योतीच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली पोराच्या शर्टाची पाठ रोज काळी होऊन येत होती. त्याच्या खोलीतून धप् धप् आवाज येत. विचारलं, तर म्हणे शेजारच्या श्यामराव आजोबांकडे गणित शिकायला जातो. गणितानं डोकं तापतं हे तिला ठाऊक होतं. पाठ काळी होते हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

खरी गोष्ट तिला सांगण्यासारखी नव्हती. यशदीप दहावीत होता, पण अंगानं सातवीतला वाटे. शाळेत अकरावीतला अनिमेष ठाकूर रोज मधल्या सुट्टीत त्याला बखोटीला धरून उचली आणि पिण्याच्या पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर नेऊन बसवी. टाकी पुरुषभर उंच. उतरायचं तर उडी मारावी लागे, आणि उडीच्या नावानं यशदीप कडेपासून मागे सरके. मग घंटा होईपर्यंत तो वरच बसून राही, खाली पोरं पाणी पीत आणि वर बघून हसत. एक दिवस हसणं फारच झालं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हिम्मत है तो ट्रायल में मिल." ट्रायल म्हणजे शाळेची ज्युदोची निवड चाचणी. अनिमेष जिल्ह्याला खेळून आलेला होता. त्यानं तिथल्या तिथे जाऊन खेळाच्या सरांना यशदीपचं नाव दिलं. शाळेचा वजनकाटा बिघडलेला असल्यामुळे सरांनी यंदा सगळ्या वजनांचा एकच गट केला होता.

त्याच संध्याकाळी यशदीपनं श्यामराव ढोमण्यांचं दार वाजवलं. ढोमणे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकीत एक जुना फोटो होता. त्यात पांढऱ्या ज्युदोच्या पोशाखातला एक पैलवान कमरेत वाकलेला होता, केस तोंडावर आलेले, आणि त्याच्या पाठीवरून दुसरा एक जण हवेत गेलेला. हवेतल्या माणसाचे फक्त दोन तळपाय दिसत. या फोटोच्या जोरावर सगळा पारा श्यामरावांना उस्ताद म्हणे. यशदीपनं सगळी हकिगत सांगितली.

"पण त्या टाकीवरून तू उतरत काहून नाही?" श्यामरावांनी विचारलं.

"गिर जाऊंगा."

"मंग आधी पडायलेच शिक."

गच्चीवर श्यामरावांच्या बायकोच्या, मंदाकिनीआजींच्या जुन्या गाद्या पसरल्या गेल्या. जवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी त्यांच्यावर रोज बसे आणि रोज यशदीपच्या पाठीला लागे. तो मागे पडला, कुशीवर पडला, लोळण घेऊन पडला. पडताना पाय आपोआप वर येऊ लागले. श्यामराव मांजराच्या पावलांनी मागून येत, खांद्याला बोट लावत, आणि यशदीपनं तत्क्षणी पडायचं. अखेर अशी वेळ आली की खांद्याला वारा लागला तरी त्याला पडावंसं वाटे. समोरच्याला आपटायला कधी शिकवणार असं तो रोज विचारी. पडणं पक्कं होऊ दे, असं श्यामराव रोज सांगत.

निरंजनमामांची थाप पडली ती या मुक्कामावर. ज्योतीनं नवऱ्याला फोन केला, जयंत कारखान्यातून सुट्टी टाकून आला आणि दोघांनी पोराला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, छाती तपासली, मुलगा ठणठणीत आहे, उगीच घाबरू नका असं सांगितलं आणि धीर देण्यासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दवाखान्याची फरशी घराच्या फरशीपेक्षा चांगली वाजली. डॉक्टरांनी चष्मा लावून नव्यानं लिहायला घेतलं. त्यात रक्ताच्या तपासण्या होत्या, ग्लुकोज होतं, आणि सर्वांत खाली, खेळ पूर्ण बंद.

ट्रायल दुसऱ्या दिवशी होती. यशदीप दवाखान्यातून आला तो थेट शेजारच्या गच्चीवर गेला. आता तरी फोटोतला तो डाव दाखवा, म्हणून तो अक्षरशः गयावया करू लागला. श्यामराव बराच वेळ गादीवरची भुकटी झटकत राहिले.

"फोटोतले तळपाय पाहिले तू?" ते म्हणाले. "ते माझे आहेत."

यशदीप धपकन गादीवर बसला.

"तो वाकलेला आमचा चारुदत्त. मोठा खेळाडू. त्याले सरावासाठी कोणी तरी फेकायले लागे. तो मी."

"आपने किसी को नहीं फेंका? कभी नहीं?"

"नाही."

"फिर सब उस्ताद क्यों बोलते हैं?"

"मी कधी हव म्हणलं नाही, बेटा. पण नाही बी म्हणलं नाही." श्यामरावांचे कान लाल झाले होते. "पण एवढी वर्षं पडलो, एक हाड मोडलं नाही. तू उद्या पड. असा पड का पाहणाऱ्याले वाटलं पाहिजे, पोट्टा आपल्याच मर्जीनं पडते. पडणारा भ्यायला नाही का फेकणाऱ्याची मजाच जाते."

यशदीपला रडू आलं आणि रागही आला. साऱ्या शाळेसमोर आपलं भजं होणार, आणि आपल्याला शिकवणारा माणूस स्वतः जन्मभर आपटत आलेला. त्या विचारात त्याला जेवणही गेलं नाही. ते पाहून आईनं त्याला ग्लुकोजचे दोन पेले पाजले.

सकाळी तो घरातून लवकर सटकला. शाळेच्या हॉलमध्ये गाद्या लागल्या होत्या, पोरं भिंतीला चिकटून दाटीवाटीनं उभी होती आणि एका कोपऱ्यात श्यामराव आणि मंदाकिनीआजी खुर्च्यांवर बसले होते. आजींच्या हातात मोबाइल होता. पाऱ्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय त्यांच्या आयुष्यात काही घडत नसे. अनिमेष गादीवर आला तसा हॉल दणाणला. यशदीप आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "टंकी इधर नहीं है भाई."

नेमकी त्याच वेळी ज्योती डॉक्टरांचा कागद आणि ग्लुकोजची बाटली घेऊन शाळेच्या दारात पोचली. माझ्या मुलाला खेळातून सूट द्या, असं तिला खेळाच्या सरांना सांगायचं होतं. सर कुठे आहेत असं विचारत ती हॉलपाशी आली आणि आत तिला सर दिसले, तोंडात शिट्टी धरलेले, आणि त्यांच्यासमोर तिचा मुलगा.

शिट्टी वाजली. यशदीपनं, इतरांचं बघून, अनिमेषच्या जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी धरली. अनिमेष हसला. त्याला घाई नव्हती. त्यानं आपले दोन्ही पंजे यशदीपच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले आणि सगळं वजन टाकून पुढे रेटा दिला.

खांद्याला हात लागला होता. यशदीपनं विचार केलाच नाही; हनुवटी छातीला गेली, पाठ गोल झाली, पाय वर आले आणि तो मागे पडला. फक्त भीतीच्या भरात कॉलर सोडायची राहून गेली. वर आलेला पाय अनिमेषच्या पोटात बसला. रेटा द्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं. अनिमेष आपल्याच जोरानं यशदीपच्या अंगावरून निघाला, पलीकडे गेला आणि बसला. आयुष्यात त्याला कुणी पाडलं नव्हतं आणि पडण्याचा सराव तो कमीपणाचा समजून टाळी, त्यामुळे पडायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. तो सगळाच्या सगळा माकडहाडावर आला.

सरांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. त्यांनी हात वर केला, कोणाच्या बाजूनं करायचा याचा थोडा विचार केला आणि यशदीप जिंकल्याचं जाहीर केलं. मग जो गलका उठला त्यात श्यामराव खुर्चीवर उभे राहिले होते आणि मंदाकिनीआजी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली ओढत होत्या.

ज्योतीला निकाल ऐकूच आला नाही. पोरगा पुन्हा पडला एवढंच तिनं पाहिलं होतं. गर्दीतून वाट काढत ती गादीवर धावली आणि कण्हणाऱ्या अनिमेषला ओलांडून विजेत्याच्या तोंडाला ग्लुकोजची बाटली लावली. यशदीप हसत, ठसकत उठून उभा राहिला. "मम्मी, मैं जीत गया," असं त्यानं सांगितलं, तेव्हा तिला आनंदानं भडभडून आलं आणि तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले. तो पुन्हा पडला.

मंदाकिनीआजींनी फोटो बरोबर वेळेवर काढला होता. तासाभरात तो ग्रुपवर होता. फोटोत यशदीप गादीवर उताणा होता, आणि अनिमेष हात पसरून हवेत, जणू आता त्याच्यावर झडप घालणार. ज्योतीनं तो मोठ्या अभिमानानं, खाली काही न लिहिता, नागपूरच्या नातेवाइकांनाही पाठवला. संध्याकाळपर्यंत निरोप येत राहिले. "अरेरे." "फार लागलं काय?" "लवकर बरा हो, बाळा." निरंजनमामांनी लिहिलं, की त्या मोठ्या पोरावर शाळेनं कारवाई करावी.

सोमवारी मधल्या सुट्टीत यशदीप टाकीजवळ उभा राहिला. अनिमेष लंगडत आला, पाणी प्यायला, काही न बोलता गेला. टाकीवर न बसता सुट्टीत काय करायचं असतं, ते यशदीपला कळेना. मग तो आपणहून टाकीवर चढला, कडेशी उभा राहिला आणि खाली पडला. लोळण घेतली, उठला, हात झटकले. थोड्या वेळानं सातवी-आठवीची पोरं तसंच पडायला टाकीखाली रांग लावून उभी होती.

संध्याकाळी तो गच्चीवर गेला तेव्हा तिथे अनिमेष आधीच आला होता. बसता येत नसल्यामुळे तो कठड्याला टेकून उभा होता. "दादाजी, मुझे भी गिरना सिखाओ," तो खाली मान घालून म्हणाला. श्यामरावांनी गादीकडे बोट दाखवलं. शिकवणी झाल्यावर निघताना अनिमेष घुटमळला आणि यशदीपला म्हणाला, की तो ट्रायलचा फोटो मला पाठव, त्यात मी भारी दिसतो. त्यानं जिना उतरता उतरता तो आपल्या डीपीला लावलासुद्धा. जिना संपेपर्यंत त्याला तीन जणांचे 'बधाई हो' आले.

"तुले वाईट वाटलं काय?" श्यामरावांनी विचारलं. "जिंकला तू, अन् बधाई त्याले."

यशदीपनं विचार केला. "मालूम तो है ना हमको," तो म्हणाला. "आपके और मेरे को."

श्यामरावांनी बैठकीच्या दिशेनं, जुन्या फोटोच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग शाबासकी देण्यासाठी हात उचलला, यशदीपच्या खांद्यापर्यंत नेला, तिथे क्षणभर थांबवला आणि सांभाळून त्याच्या डोक्यावर ठेवला.