दवाखान्यातला नवा कर्नल

दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला संगणक सुरू व्हायला पाऊण मिनिट घ्यायचा, आणि ते पाऊण मिनिट त्यांच्या यजमानांच्या डोळ्यांत खुपायचं. निवृत्त होऊन त्यांना दोन महिने झाले होते. दवाखान्यातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं होतं, डुगडुगणाऱ्या खुर्च्या सरळ झाल्या होत्या. फिल्मवर एक्स-रे काढायचं जुनं यंत्रही त्यांनी अडगळ म्हणून देऊन टाकलं होतं. आता हात लावायला संगणकच उरला होता.

"याचा कर्नलच बदलतो," त्यांनी शनिवारी जाहीर केलं.

"कुठले कर्नल?" बाहेरच्या टेबलावरच्या मावशींनी वही चाळत विचारलं. "त्यांची अपॉइंटमेंट दिसत नाही."

यजमानांनी त्यांना समजावलं. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. कळफलक, पडदा, डिस्क, सगळ्यांची ओळख त्यालाच. तयार मिळणारा कर्नल जगातली हजारो यंत्रं ओळखतो, म्हणून तो असा सुस्त. आपण आपल्यापुरता सडपातळ घडवायचा.

रविवारभर ते यादी घेऊन बसले. प्रत्येक ओळीला 'हवं' किंवा 'नको'. टीव्ही? नको. रेडिओ? नको. कॅमेरा? दाताच्या दवाखान्यात कॅमेरा कशाला, नको. सुरू होताना कुठला कर्नल घ्यायचा हे विचारणारी पाटी पाच सेकंद खायची, तिचीही वेळ त्यांनी शून्यावर आणली. सोमवारी सकाळी संगणक नऊ सेकंदांत उठून बसला.

"बघितलंस?"

"बघितलं," बाई म्हणाल्या. "आता पेशंट बघते."

पेशंट म्हणजे चष्मा लावलेल्या एक उंच बाई. फॉर्मवर 'व्यवसाय' पुढे त्यांनी नुसतं 'नोकरी' लिहिलं होतं. खालच्या दाढेचं रूट कॅनाल होतं. भूल दिली, तोंडावर रबराचा पडदा ताणून दाढ तेवढी बाहेर ठेवली, तिच्या मुळात बारीक सुई घातली. सुई कुठवर पोचली ते बघायला आता एक्स-रे हवा होता, म्हणून बाईंनी संगणकाला वायरनं जोडलेला एक्स-रेचा सेन्सर दाढेमागे ठेवला. संगणकाच्या पडद्यावर अक्षरं आली: सेन्सर जोडलेला नाही.

बाईंनी वायर काढून लावली. मग दुसऱ्या भोकात लावली. मग त्यांनी हाक मारली, "अहो, जरा आत या."

यजमान आले, वाकून बघू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा सेन्सर स्वतःला कॅमेरा म्हणवतो वाटतं."

"मग?"

"कॅमेरा मी काढलाय. पाच मिनिटं दे, परत घालतो."

पाच मिनिटांची पंचवीस झाली. घाईघाईत कॅमेऱ्याला 'हवं' करताना त्यांचा हात शेजारच्या कुठल्याशा ओळीवर पडला असावा. संगणक पुन्हा सुरू केला तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा धावली आणि थबकली.

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"म्हणतोय, डिस्क सापडत नाही. कर्नल घाबरलाय."

"तो एकटाच नाही," बाई म्हणाल्या. "पहिला कुठाय? टाकून दिलात?"

"छे, मी काय वेडा आहे? जुना जसाच्या तसा आत ठेवलाय. पाटी आली की तो निवडायचा, झालं."

"मग निवडा."

"पाटी येत नाही ना. तिची वेळ मी शून्य केलीय."

"ती वाढवा."

"वाढवता येते. पण त्यासाठी संगणक सुरू व्हायला लागतो."

खुर्चीतून "उं, उं" असा आवाज आला. बाई लगबगीनं वळल्या. "दुखतंय का? थोडी भूल वाढवते." पेशंटबाईंनी जोरजोरात मान हलवली. ती कशासाठी हलतेय ते कळेपर्यंत सुई टोचून झाली होती. त्यांनी यजमानांकडे बोट दाखवलं, मग पडद्याकडे. यजमान ओशाळून म्हणाले, "चूक माझीच आहे. रागावणं साहजिक आहे."

शेवटी पेशंटबाईंनी डॉक्टरीणबाईंच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालावर लिहायला सुरुवात केली. समोरून ते उलटं दिसत होतं. बाईंनी मान वाकडी करून एकेक शब्द वाचला, "सुरू होताना... शिफ्ट... दाबून धरा."

यजमानांनी बटण दाबलं आणि शिफ्टवर दोन्ही हातांचे अंगठे टेकवले. पाटी आली. त्यांनी जुना कर्नल निवडला. पाऊण मिनिट तिघंही पडद्याकडे बघत राहिली. मग सेन्सर जागा झाला, एक्स-रे आला, सुई अगदी हवी तिथं होती, आणि अर्ध्या तासात दाढ भरून झाली.

पेशंटबाईंचा अर्धा चेहरा अजून झोपलेला होता. "तुम्ही कॉम्प्युटरमधल्या दिसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली. "मग यांना दोन शब्द सांगा. माझं काही ऐकत नाहीत. तुमच्यासारख्या जाणकारानं कान उपटले तर फरक पडेल."

पेशंटबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. यजमानांनी अपराध्यासारखी आपली यादी पुढे केली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मावशींकडून कागद मागून घेऊन दहा मिनिटं लिहीत राहिल्या. डॉक्टरीणबाई दारातून समाधानानं बघत होत्या.

कागद वाचता वाचता यजमानांचा चेहरा मात्र फुलत गेला. ते बघून बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. वर लिहिलं होतं: 'कॅमेरा आणि डिस्क तेवढे परत घ्या. बाकी यादी फार सुरेख जमली आहे, आमच्या ऑफिसात इतकं कोणी मन लावून करत नाही. प्रिंटरचा भाग अजून तसाच राहिलाय. तो काढलात तर आणखी वेळ वाचेल. संध्याकाळी बोलता यायला लागलं की फोन करते.'

बाईंनी कागदाची नीट घडी करून यजमानांना परत दिली आणि मावशींजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "या आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या आत्ताच छापून ठेवा."