मास्तरांचं चालूच आहे

बाईंच्या कोटाच्या कापडाची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही, एवढं सरळ सांगून टाकलं असतं तर मास्तरांची पुढची सगळी फजिती टळली असती. पण शिंपीच तो. 'झालं नाही' हे शब्द शिंप्याच्या तोंडून बाहेर पडतच नाहीत. मास्तर म्हणाले, "चालू आहे, बाई."

(मास्तर म्हणजे शिंपी, हे आधीच सांगितलेलं बरं. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की तिथून ते चौथीत असताना पळाले. बाई मात्र खऱ्या शाळेतल्या, इंग्रजीच्या, आता रिटायर झालेल्या. जन्मभर खडू झिजवला त्यांनी, आणि मास्तर म्हणून हाक कोणाला, तर ह्या पळपुट्याला! हे बाईंच्या मनात कायम सलायचं.)

"कधीपासून चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"थंडीपासून."

"कुठली थंडी? ही, की गेल्या साली पडली ती?"

"चालू आहे ना पण!"

"अजून संपला नाही?"

"अहो बाई, चालू आहे म्हणजे संपला कसा असेल?"

बाई स्टुलावर बसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "मास्तर, काम मागे कधीतरी सुरू झालं, अजून चालू आहे, आणि कधी संपेल ते देवाला ठाऊक. ह्याला इंग्रजीत वेगळा काळ आहे. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस. सगळा जन्म घसा कोरडा केला मी, एका कार्ट्याच्या डोक्यात शिरला नाही. आणि तुम्ही चक्क त्यात राहता!"

"राहतो खरा," मास्तर म्हणाले, आणि मशीनवर मान घातली. मशीनमध्ये दोरा नव्हता. तरी पायडल मारत राहिले.

आता आतली गोष्ट ऐका.

मास्तरांच्या दुकानाच्या मागेच त्यांची खोली, मध्ये एक पडदा. मास्तर गिऱ्हाइकाला टेप लावायचे आणि खड्या आवाजात ओरडायचे, "छाती अडतीस!" पडद्यामागे त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, काज-बटणं करत बसलेल्या असायच्या. त्या नुसतं "हं" म्हणायच्या. संपलं. वही नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. ते माप काकूंच्या डोक्यात जाऊन बसायचं ते कायमचं. कापड बेतायच्या वेळी मास्तरांनी विचारायचं, "अगं, ते चष्म्याच्या दुकानवाले?" की आतून आलंच, "कंबर छत्तीस, उजवा खांदा उतरता." अख्ख्या गल्लीची पोटं त्या बाईच्या डोक्यात होती. काकू रस्त्यानं निघाल्या की भले भले लोक पोट आत ओढून नमस्कार करायचे.

आणि काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. अर्ध्या गावाची मापं घेऊन गेल्या.

मास्तरांनी मग बँकेतल्या क्लार्कची पँट अंदाजानं शिवली. तिची बटणं काखेपाशी लागली. क्लार्क बिचारा सज्जन. म्हणाला, "असू दे मास्तर, छातीला ऊब राहते."

तुम्ही म्हणाल, पुन्हा माप घ्यायला काय झालं होतं? घेतलं की! बेकरीवाल्याला उभं केलं, टेप लावला, हाक दिली, "छाती चव्वेचाळीस!" आणि मास्तर पडद्याकडे कान लावून उभे राहिले. हं आलं नाही. बेकरीवाला श्वास रोखून उभा. मास्तर टेप धरून उभे. शेवटी बेकरीवाल्याचा चेहरा निळा पडायला लागला, तेव्हा त्यानंच हळूच टेप सोडवला, गुंडाळून मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाला, "मला घाई नाही हो."

घाई कोणालाच नव्हती. दुकानात कापडांची थप्पी छताला लागली, पण एकानंही आपलं कापड परत नेलं नाही. रोज कोणी ना कोणी डोकवायचं, "झालं का?" विचारायचं, मास्तर "चालू आहे" म्हणायचे, आणि माणूस हसून पुढं जायचा. दया एवढी वाईट असते, की तिच्यापेक्षा शिव्या बऱ्या. शिव्या फक्त बाई द्यायच्या, म्हणून मास्तरांना त्या आवडायच्या.

आता ह्यात इंग्रजी कुठून घुसलं? तर परदेशातून. मास्तरांची लेक तिकडे असते, आणि तिची मुलगी छोटी. तिनं फोनवर सांगून टाकलं, "बाबा, सुट्टीत आम्ही दोघी येतोय. दुकान नीट चालत असेल तर ठीक. नाहीतर कुलूप लावायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. मी काही ऐकायची नाही."

"दुकान जोरात आहे!" मास्तर म्हणाले. "छोटीचा फ्रॉकसुद्धा चालू आहे."

(एकाच वाक्यात दोन थापा. मशीनवर एवढा हात बसला असता तर!)

फ्रॉकचं कापड होतं. पिवळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, काकूंनीच निवडलेलं. छोटीचं माप काकूंनी फोनवरच लेकीला टेप धरायला लावून घेतलं होतं. ते होतं काकूंच्या डोक्यात. लेकीला पुन्हा विचारावं, तर ती म्हणणार, "आईनं घेतलं होतं की! हरवलं?" म्हणजे कुलूपच. राहिली छोटी. तिलाच गुपचूप विचारायचं. पण छोटी वाढली तिकडे, तिला फक्त इंग्रजी. निदान मास्तरांची तशी ठाम समजूत. रविवारी काकू खोलीत फोन घेऊन तासभर तिच्याशी काय बोलायच्या ते मास्तरांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण इकडे मशीन चालू. "अहो, ऐकता का?" असं काकू आतून विचारायच्या, आणि ह्यांचं उत्तर, "खडखडखडखड."

काकू गेल्यावर फोन मास्तरांकडे आला. ते फोनमध्ये तोंड घालून ओरडायचे, "हॅलो! हाऊ आर यू! गुड?" तिकडून आवाज यायचा, "गुड." "गुड!" "बाय." झाला रविवार.

तर मास्तरांनी ठरवलं, बाईंकडून इंग्रजी शिकायचं.

"फी?" बाईंनी विचारलं.

"तुमचा कोट."

"तो तर माझाच आहे."

"शिलाई घेणार नाही ना!"

बाई रोज चार वाजता स्टुलावर येऊन बसायला लागल्या. मास्तरांचं म्हणणं साधं होतं, 'तुझी छाती किती' एवढं इंग्रजीत विचारायला शिकवा. बाई कसल्या ऐकतात! "प्रश्न नंतर. आधी काळ पक्का. पाया नको?" आणि काळ कुठला, तर तोच. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा असा विद्यार्थी मिळाला होता, की ज्याच्यापुढे उदाहरणं छतापर्यंत रचून ठेवलेली.

"बोला. आय हॅव बीन..."

"आय हॅव बिन..."

"बिन नव्हे, बीन! लांबवा. जसा माझा कोट लांबवलात."

"आय हॅव बीऽऽन ड्रिंकिंग टी."

"सिन्स?"

"सिन्स यू कम, बाई. तुम्ही आलात की करावाच लागतो."

बाईंनी पट्टी उगारली. मास्तरांचीच, लाकडी, बेतायची.

चुका करत, पट्टी चुकवत मास्तर शिकले. लाइट गेला की "लाइट हॅज बीन गोइंग" म्हणायचे. बेकरीवाला डोकावला की त्याला "यू हॅव बीन वेटिंग" म्हणून हसायचे, आणि तो बिचारा "थँक्यू" म्हणायचा. एक दिवस कापडावर हात फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "बाई, एक शंका. माणूस गेलंय. पण आपण हाक मारतो, ती काही थांबत नाही. त्याला कुठला काळ?"

बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"हाच," त्या म्हणाल्या. "आय हॅव बीन कॉलिंग."

"आय हॅव बीन कॉलिंग," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच एकही चूक झाली नाही.

"उद्या प्रश्न शिकवते हं," बाई घाईघाईनं म्हणाल्या आणि त्या दिवशी चहा न पिताच गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टॅक्सी थांबली. लेक कळवल्यापेक्षा आधीच आली होती. मुद्दाम, बापाला बेसावध गाठायला. (काकूंचीच लेक.) ती आत आली, थप्पीकडे पाहिलं, धूळ बसलेल्या कात्रीकडे पाहिलं, बिनदोऱ्याच्या मशीनकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. मागे छोटी, हात मागे बांधून उभी. स्टुलावर बाई आधीच हजर, चार वाजले होते ना.

मास्तरांना घाम फुटला. प्रश्न तर शिकायचा राहिलेला! जवळ होतं ते एकच वाक्य. ते ताठ उभे राहिले, गळ्यातला टेप सारखा केला, आणि छोटीकडे बघून म्हणाले,

"आय हॅव बीऽन स्टिचिंग युवर फ्रॉक सिन्स विंटर!"

बाईंचे डोळे भरून आले. सगळ्या जन्मात एक तरी पास झाला.

छोटीनं मान तिरकी केली. "म्हणजे अजून झाला नाही ना?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, पुन्हा घातला.

"तुला... तुला बोलता येतं?" मास्तर म्हणाले.

"मला तर वाटलं, तुम्हालाच येत नाही," छोटी म्हणाली. "तुम्ही फोनवर नेहमी इंग्लिशच बोलता. आणि ते पण थोडंसंच येतं. म्हणून मी सोपं सोपं बोलायचे."

"अगं तू तरी सांगायचंस!" मास्तर लेकीवर उखडले.

"मला काय माहीत बाबा? मला वाटलं, तुम्हाला हौस आली असेल. आई दर रविवारी तिच्याशी बोलायची ते ऐकू यायचं की तुम्हाला!" लेकीचा आवाज बदलला. "फ्रॉक झालेला नाही ना? बाबा, खरं सांगा. काहीच झालेलं नाही."

मास्तर खाली बसले. एवढं इंग्रजी शिकले होते, पण आता कुठलीच भाषा मदतीला येईना. "मापच नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "कोणाचंच नाही. तुझी आई..."

लेकीनं तोंड फिरवलं. बाई चष्मा पुसायला लागल्या.

"माझ्याकडे आहे," छोटी म्हणाली.

"काय आहे?"

"माप. आजीनं पाठ करून घेतलंय. आकडे शिकायला." आणि ती हात मागे बांधून, काकूंच्याच चालीत, काकूंसारखीच शेवटी जरा ओढून म्हणायला लागली, "छोटी, छातीऽ बावीस, कंबरऽ वीस, उंचीऽ चोवीस."

"हं," मास्तर म्हणाले. आपोआप तोंडून निघालं.

"बँकवाले काका, कंबरऽ चौतीस, डावा पाय बारीक."

"हं."

"बेकरीवाले काका, छातीऽ चव्वेचाळीस, पोट रोज वेगळं, शनिवारचं धरायचं."

"हं! हं!"

"कोटवाल्या बाई, कंबरऽ..."

"पुरे!" बाई स्टुलावरून उठल्याच. "ते फार जुनं माप आहे!"

"माप तेवढं जुनं आहे बाई, तुम्ही नव्या आहात," मास्तर म्हणाले, आणि कात्री शोधायला लागले. कात्री त्यांच्या पुढ्यातच होती. दिसत नव्हती, डोळे भरलेले होते म्हणून.

त्या संध्याकाळी दुकानाचं मशीन दोरा घालून चाललं. गल्लीतली माणसं दाराशी जमली. नुसती खडखड ऐकत उभी राहिली. क्लार्क तर तीच पँट घालून आला होता. फ्रॉक झाला. बाह्या, कॉलर, मागे बो. छोटीच्या अंगात घातला, तर तो कोपरांच्या वर येऊन अडकला. मास्तरांनी शिवणीत जादा कापडाची सोडलेली सगळी माया उसवली, तरी पुढे सरकेना.

माप बरोबर होतं हो. मुलगी वाढली होती. आजीला जेवढी छोटी ठाऊक होती, तेवढ्याच छोटीला तो फ्रॉक बेतशीर बसला असता. मास्तरांनी तो झटकला, हँगरवर घातला आणि पडद्याच्या खिळ्याला अडकवला. तिथं तो हलत राहिला.

लेक बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग नाक पुसून म्हणाली, "कुलूप नको बाबा. पण रविवारी फोन करायचा. ज्याचं माप लागेल ते हिला विचारायचं. आणि इंग्लिश बोलायचं नाही."

"मोठ्यांची मापं तर आहेतच," मास्तर म्हणाले. "एकट्या बाईंचं तेवढं नवं घ्यावं लागेल."

बाई हात पसरून, छताकडे बघत उभ्या राहिल्या. छोटी न सांगता पडद्याआड गेली. मास्तरांनी टेप लावला, घसा साफ केला.

"खांदा पंधरा!"

मास्तर पडद्याकडे कान लावून उभे राहिले. मग पडद्यामागून बारीक आवाज आला.

"हं."

मास्तर मशीनवर जाऊन बसले. मान खाली, डोळे पुसायला हात जायला नको म्हणून दोन्ही हात कापडावर, आणि पायडल असं मारायला लागले की दिवा हलायला लागला.

"आजोबा!" पडद्यामागून छोटी ओरडली. "आजीनं तुमचं पण माप पाठ करून घेतलंय!"

लेकीनं तोंडावर हात घेतला. बाई तशाच, हात पसरलेल्या, स्तब्ध.

"आजोबा, पोटऽ बेचाळीस. गळाऽ सोळा. कान दोन, पण वापरात नाहीत!"

लेक हसता हसता रडायला लागली. बाईंचे पसरलेले हात खाली आले. दाराशी बेकरीवाला पोट धरून बसला.

मास्तरांनी मशीन थांबवलं आणि मान वर केली.

"काय म्हणालीस गं?"